पूर्ण चारशे मीटर

बोरसे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची पाठच दिसली. पारोळ्याच्या शाळेत आठवीत नाव घालून मी आणि माझे वडील बाहेर पडलो होतो. मैदानावर भर उन्हात एक गृहस्थ वाकून दोर ताणत होते. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून ते खुंटीला बांधलं होतं. एक लांबी झाली की ते उठायचे, खुंटी उपटायचे, पुढे जाऊन पुन्हा ठोकायचे. वडील थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हाई मास्तर शे की मजूर?" मी दप्तर खाली ठेवून खुंटीकडचं टोक हातात घेतलं. सरांनी मान वर केली नाही. "ताण," एवढंच म्हणाले. मी ताणला. सरांशी माझं झालेलं पहिलं संभाषण हेच.

श्री. तापीराम बोरसे यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी दोन दिवस विचार केला. मी पाटबंधारे खात्यात मोजणीचं काम करते. मला आकडे लिहिता येतात, गौरव करता येईल की नाही याची खात्री नव्हती. मग लक्षात आलं, की सरांच्या बाबतीत या दोन गोष्टी फार वेगळ्या नाहीत.

सर शारीरिक शिक्षण शिकवत. पावसाळ्यात मैदानाची काळी माती चिखल व्हायची तेव्हा तास वर्गात होत, आणि त्या तासांना सर जगातल्या विक्रमांच्या गोष्टी सांगत. इतर शिक्षकही अशा गोष्टी सांगतात. पण त्यांच्या गोष्टीत धावणारा असतो, सरांच्या गोष्टीत मोजणारा असे. चार मिनिटांच्या आत मैल धावणाऱ्या त्या इंग्रज तरुणाची गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली तेव्हा शेवटी विचारलं, "त्या वेळी हातात घड्याळं कोणी धरली होती?"

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांची नावं कोण लक्षात ठेवणार?"

"कोणी ठेवत नाही," सर म्हणाले. "पण त्यांचा अंगठा अर्ध्या सेकंदाने चुकला असता, तर गोष्टच उरली नसती."

मी दहावीत असताना मेक्सिकोचं ऑलिंपिक झालं. लांब उडीत एका अमेरिकन खेळाडूने एवढी उडी मारली, की अंतर मोजायला लावलेलं यंत्र तिथवर पोचलंच नाही. शेवटी साधी पोलादी टेप मागवून उडी मोजावी लागली. ही बातमी वाचून सर दोन दिवस खुशीत होते. उडीबद्दल ते फार बोलले नाहीत. "एवढं मोठं यंत्र, आणि कामाला कोण आली? टेप!" हे मात्र त्यांनी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना सांगितलं. वारा नियमाच्या अगदी काठावर होता, एवढासा जास्त असता तर विक्रम धरला गेला नसता, हेही ते सांगत. आपल्या शाळेत पोलादी टेप नाही, हे दुःख मात्र त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. शाळेत पन्नास फुटांची एक कापडी टेप होती आणि तिचे पहिले दोन फूट कधीच गळून गेले होते. म्हणून सरांनी अंबाडीचा पंचवीस मीटरचा दोर करवून घेतला होता. पाच-पाच मीटरवर गाठी आणि दोन्ही टोकांना पितळी कड्या. बांधकाम खात्याच्या टेपला लावून तो त्यांनी स्वतः तपासला होता. सोळा लांब्या म्हणजे चारशे मीटर. मुलं त्यांना 'दोरवाले सर' म्हणत. सरांना ते माहीत होतं.

घड्याळांच्या बाबतीतही हाच शिरस्ता. शाळेची दोन विराम-घड्याळं होती. तिसरं बाजारपेठेतल्या एका मारवाडी कापड दुकानदारांचं, त्यांच्या मुलाने मुंबईहून आणलेलं. स्पर्धेच्या आधीचे आठ दिवस सर सकाळी त्या दुकानात जाऊन बसत, कारण रेडिओ तिथे होता. बातम्यांआधीच्या वेळेच्या ठोक्याला तिन्ही घड्याळं सुरू करायची आणि पुढच्या बातमीपत्राच्या ठोक्याला बंद करून फरक लिहून ठेवायचा. एकदा मी सोबत होते. शेठजी गादीवरून म्हणाले, "मास्तर, तुम्ही बातम्या ऐकायला येता का पिप-पिप ऐकायला?"

"पिप-पिप, शेठजी. बातम्या काय, तुम्ही सांगताच."

"आणि माझं घड्याळ कसं आहे?"

"दुकानासारखं. थोडं पुढे."

शेठजी मनापासून हसले. घड्याळ मात्र त्यांनी शेवटपर्यंत परत मागितलं नाही.

सरांची धावण्याची शिकवणही मोजणीतूनच होती. सरावात प्रत्येकाने आपली पावलं मोजायची, उजवा पाय पडला की एक. शर्यत संपली की सर आधी श्वास घेऊ देत, मग विचारत, "किती?" वेळ किती लागला ते नंतर. मी आठशे मीटर धावत असे. दोन फेऱ्यांना माझी उजवी पावलं दोनशे चौपन्न होत. कधी त्रेपन्न, कधी पंचावन्न. याहून फरक पडत नसे. "तुझं पाऊल तागडीसारखं आहे," असं सर एकदा म्हणाले. त्यांच्याकडून मिळालेली ही एकमेव स्तुती, म्हणून ती इथे नोंदवते.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायचं ठरवलं, त्याकडे येते.

दहावीच्याच वर्षी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा जळगावला होत्या. मुलींच्या आठशे मीटरचा जिल्ह्याचा विक्रम माझ्या टप्प्यात आला होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शेतकरी आहेत. त्यांनी एक अट घातली होती. विक्रम झाला तर पुढच्या फेरीला पुण्याला जायचं आणि मॅट्रिकपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या अकरावीपर्यंत, शाळाही चालू. नाही झाला तर यंदाची परीक्षा दिली की घरी. भडगावकडच्या एका घराशी बोलणं सुरू झालं होतं. ही अट मी सरांना सांगितली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझा सराव अर्धा तास आधी सुरू केला.

जळगावच्या मैदानावर धावपट्टी आखायचं काम सरांकडेच आलं, कारण जिल्ह्यात ते काम त्यांच्याइतकं काटेकोर कोणी करत नसे. बांधकाम खात्याची पोलादी टेप मागवलेली होती. पण तिथले ओव्हरसियर गिरणा नदीवरच्या कामासाठी भडगावला गेलेले, आणि टेप त्यांच्या कपाटात. पहिल्या दिवशी फेकी आणि उड्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी धावण्याच्या शर्यती. संध्याकाळ झाली तरी टेप आली नाही. धूळ बसावी आणि चुन्याची फक्की नीट धरावी म्हणून टँकरने मैदानावर पाणी मारलेलं होतं. सरांनी आपला दोर काढला. ओल्या मातीवरून तो दोर सोळा-सतरा वेळा ओढला गेला. मी एक टोक धरलं होतं. सर म्हणाले, "ताण." मी ताणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावले. सगळ्यांच्या पुढे होते, त्यामुळे पावलं मोजायला कोणाचा अडथळा नव्हता. रेषा ओलांडली. तीन घड्याळांपैकी दोन जुळली आणि जिल्ह्याचा जुना विक्रम एक सेकंद आणि थोड्याने मोडल्याचं कर्ण्यावरून जाहीर झालं. आमच्या शाळेच्या मुलींनी मला उचलायचा प्रयत्न केला. मला ते आवडलं नाही, पण मी विरोधही केला नाही. फळ्यावर खडूने माझं नाव लिहिलं गेलं.

सर आले. मला श्वास घेऊ दिला. मग विचारलं, "किती?"

"दोनशे पन्नास."

"जोरात धावलीस म्हणून पाऊल लांब पडलं असेल," शेजारी उभे असलेले दुसऱ्या शाळेचे शिक्षक म्हणाले.

सर माझ्याकडे पाहत होते. "जोरात धावतेस तेव्हा तुझं पाऊल लांब पडतं?"

मी पंधरा वर्षांची होते. 'हो' म्हणता आलं असतं. पण सरांच्या वहीत दोन वर्षांच्या सगळ्या सरावांचे आकडे होते, आणि ते दोघांनाही पाठ होते. "नाही सर," मी म्हणाले. "भराभर पडतं. लांब नाही."

"म्हणजे तुझं पाऊल बदललं नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "जमीन बदलली."

टेप दुपारी बाराच्या सुमाराला आली. खात्याचा माणूस सायकलवरून घेऊन आला आणि 'आता काय उपयोग' अशा चेहऱ्याने उभा राहिला. शर्यती संपल्या होत्या. बक्षीस समारंभाचं टेबल मांडत होते. सरांनी टेप घेतली आणि मला टोक धरायला लावलं. मघाचे शिक्षक आमच्याबरोबर चालू लागले. ते वाईट गृहस्थ नव्हते.

"बोरसे सर, राहू द्या ना. उद्या ही फक्की पुसून जाईल. कोणाला कळणार आहे?"

"आपल्याला तिघांना कळणार आहे. तिघं पुष्कळ झाले."

"अहो, मुलगी तुमची, दोर तुमचा, आखणी तुमची. फिर्यादीही तुम्हीच होणार?"

"दुसरं कोणी होत असेल तर सांगा, मी त्याला जागा देतो."

धावपट्टी एका फेरीला पाच मीटरहून जास्त कमी भरली. दोराची लांबी दर वेळी सुमारे दीड वीत कमी पडली होती. सरळ भाग आणि वळणांची त्रिज्या एकाच दोराने घेतलेली, त्यामुळे सगळी पट्टीच एका प्रमाणात लहान झाली होती. म्हणूनच ती डोळ्यांना बरोबर दिसत होती. आठशे मीटरमध्ये जवळजवळ अकरा मीटर. माझ्या वेगाने ते अंतर कापायला दोन सेकंदांहून जास्त लागले असते. विक्रम मोडला होता एक सेकंद आणि थोड्याने. हा हिशेब मी टेप गुंडाळता गुंडाळता केला. सरांनी माझ्याआधीच केला असणार.

ते मला म्हणाले, "विमल, मी आता माईकवर जाणार आहे. तुला काही म्हणायचं आहे का?"

आबांची अट त्यांना ठाऊक होती, आणि ती त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "नाही."

सरांनी माईकवर चार वाक्यं उच्चारली. धावपट्टी मी आखली. ती आखूड आहे, मी ती टेपने मोजून पाहिली. आजचे क्रमांक कायम राहतील, पण आजची कोणतीही वेळ विक्रम म्हणून धरता येणार नाही. चूक माझी आहे, धावणाऱ्यांची नाही. मग ते स्वतः फळ्यापाशी गेले आणि ओल्या फडक्याने माझं नाव पुसलं. मी त्या दुपारी रडले नाही. रडले असते तर ते इथे लिहिलं नसतं.

पुढच्या रविवारी सर सायकलने आमच्या शेतावर आले. पारोळ्याहून आमचा मळा सहा-सात मैल, शेवटचा रस्ता बैलगाडीचा. आबा विहिरीवर होते. सरांनी पाणी घेतलं, बसले, आणि कोणतीही प्रस्तावना न करता घडलेलं सगळं सांगितलं. टेप उशिरा आली, मैदानावर पाणी मारलं होतं, दोर ओला झाला. आबांनी त्यांना तिथेच थांबवलं.

"ओला दोर आखडस, मास्तर. हाई मन्हा बैलसले बी ठाऊक शे. तुमले कसं नहीं समजनं?"

मला त्या क्षणी विहिरीत उडी घ्यावीशी वाटली. सरांना मात्र राग आला नाही. तेही सोनगीरकडच्या एका शेतकऱ्याच्याच घरचे. ते आबांच्याच बोलीत म्हणाले, "नहीं समजनं, भाऊ. पंचवीस वरीस मोट पाही, पन ध्यानमा नहीं उनं. मन्ही चूक शे."

आबा काही वेळ हातातल्या दोराकडे पाहत राहिले. तोही ओलाच होता. मग विचारलं, "तुमनी चूक कोनी पकडी?"

"कोनीच नहीं. मीच सांगी."

"बठ्ठासना समोर?" म्हणजे, सगळ्यांसमोर?

"माईकवर."

आबांनी मला घरातून गूळ आणायला पाठवलं. मी गूळ घेऊन आले तेव्हा सर म्हणत होते, की विक्रम झालेला नाही, त्यामुळे तुम्ही अटीला बांधलेले नाही. मी विनंती करायला आलो नाही, खरं काय झालं ते सांगायला आलो. मुलीचा पहिला नंबर खरा आहे, तेवढ्यावर ती पुण्याला जाऊ शकते. पुढचं तुम्ही ठरवा.

आबा म्हणाले, "जो मानूस सोतानी चूक बठ्ठासना समोर सांगस, त्यानासंगे पोर धाडाले मले भ्याव नहीं." आणि गुळाचा खडा सरांच्या हातावर ठेवला. भडगावचं बोलणं त्याच आठवड्यात थांबलं.

पुण्याला मी पाचवी आले. पावलं दोनशे चौपन्न झाली, म्हणजे अंतर पूर्ण होतं. पुढच्या वर्षी जळगावलाच, पोलादी टेपने आखलेल्या पट्टीवर, मी जिल्ह्याचा विक्रम मोडला. त्या दिवशी तिन्ही घड्याळांनी तीन वेगळ्या वेळा दाखवल्या. सर्वांत कमी वेळ सरांच्या हातातल्या घड्याळाची होती. नियम असा, की तिन्ही वेगळी असतील तर मधली वेळ धरायची. सरांनी मधली धरली. ती पुरेशी होती. तो विक्रम दोन वर्षं टिकला, मग भडगावच्या एका मुलीने मोडला. तेव्हा मी धुळ्याला तंत्रनिकेतनात शिकत होते. सरांचं पोस्टकार्ड आलं: 'तुझा विक्रम गेला. पट्टी मी दोनदा मोजली. पूर्ण आहे.' याहून चांगलं सांत्वन मला आजवर कोणी केलेलं नाही.

त्या तंत्रनिकेतनाचा अर्जही सरांनीच आणून दिला होता. अर्ज भरायला ते माझ्याबरोबर धुळ्याला आले. खिडकीतले कारकून म्हणाले, "मुलीला मोजणीचं काम जमेल का? उन्हात साखळी ओढावी लागते." सर म्हणाले, "तिने माझी चूक मोजून काढली आहे. तुमची साखळी ओढेल." हे वाक्य पूर्णपणे अचूक नव्हतं. चूक त्यांनी काढली होती, मी फक्त टेपचं टोक धरलं होतं. सरांनी अंतराबाबत कधी सूट घेतली नाही. माणसांबाबत ते अशी थोडी सूट नेहमी देतात.

हा लेख लिहिण्याआधी मी सरांकडून त्यांची जुनी वही पाहायला मागितली. त्या वर्षीच्या पानावर माझी जळगावची वेळ अजून आहे. मला वाटलं होतं ती खोडलेली असेल. खोडलेली नाही. पुढे शेऱ्यात लिहिलं आहे: 'पट्टी आखूड. दोष आखणाऱ्याचा. मुलीने पावलांचा आकडा खरा सांगितला.' मी ते पान दोनदा वाचलं आणि वही परत केली. सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळ्या मुली अक्का म्हणतो, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ती वही ते ट्रंकेत ठेवतात. माझे दागिने बाहेर आणि वही आत." सर म्हणाले, "दागिने मोजलेले आहेत." अक्का म्हणाल्या, "म्हणून तर दोनच आहेत."

सर आता निवृत्त होत आहेत. गेल्या महिन्यात शाळेच्या मैदानाची नव्याने आखणी झाली. त्यासाठी मी माझ्या खात्याच्या परवानगीने टेप घेऊन पारोळ्याला गेले. दुपारचं ऊन होतं. एक टोक सरांनी धरलं, एक मी. मध्ये थांबून मी त्यांना सांगितलं, की पोलादी टेपही शंभर टक्के भरवशाची नसते. उन्हात तापली की ती थोडी लांबते, चारशे मीटरला दहा-अकरा सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि आम्ही त्याची दुरुस्ती करतो.

सर एकदम उभे राहिले. साठाव्या वर्षी कोणाला एवढा आनंद झालेला मी पाहिलेला नाही. "म्हणजे पोलादही फसवतं?"

"फसवतं सर. पण किती फसवतं ते आधी सांगून."

"आणि लांबली तर पट्टी आखूड होते की लांब?"

"लांब. किंचित जास्त."

"मग दुरुस्ती नको," सर म्हणाले. "जास्त आहे ते राहू दे. पोरं तेवढी जास्त पळतील." आणि पुन्हा वाकून म्हणाले, "ताण."

आयुष्यात एवढ्याच एका मापात सरांनी दुरुस्ती नाकारलेली मी पाहिली आहे, आणि त्याचा आधार घेऊन मी हा लेख संपवते. बोरसे सरांची साठ वर्षं पूर्ण भरली आहेत, याची खात्री त्यांच्याकडून मोजून घेतलेले आम्ही सगळे विद्यार्थी देऊ शकतो. पुढची वर्षं निरोगी जावीत, गुडघे साथ देवोत, अक्कांची सोबत असो, आणि सकाळच्या ठोक्याला घड्याळ लावायला त्यांना रोज कारण मिळो. ही मोजणी ओल्या दोराने होऊ नये. खानदेशच्या उन्हात तापलेल्या टेपनेच ती व्हावी, म्हणजे शंभर म्हणता म्हणता थोडी जास्तच भरतील, आणि ती दुरुस्ती आमच्यापैकी कोणीही करणार नाही.